पोस्टग्रेस आणि नल, बऱ्याच वर्षांच्या वापरानंतर

पोस्टग्रेस हा डेटाबेस बरीच वर्षं वापरतोय, पण इथे फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितो, नलबद्दल (म्हणजे ‘इथे माहितीच नाही’ अशी खूण), कारण डेटाबेस भरवशाचा आहे की नाही ते मी तरी त्यावरूनच ठरवतो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट आधी. इथे नल वेगळा आणि रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) वेगळी. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये रिकामी स्ट्रिंग नलच धरतात, म्हणजे कोणी मधलं नाव सांगितलंच नाही की त्याला मधलं नावच नाही, हा फरक तिथे पुसला जातो. सॉर्ट करताना चढत्या क्रमात नल शेवटी येतात, मायएसक्यूएल या आणखी एका डेटाबेसमध्ये आधी येतात, पण इथे ऑर्डर बायच्या पुढे नल्स फर्स्ट किंवा नल्स लास्ट लिहिलं की विषय संपला. दोन कॉलम ताडून बघायचे असतील तर इज डिस्टिंक्ट फ्रॉम वापरा, कारण साध्या बरोबरच्या चिन्हाने नल नलशी ताडला तर उत्तर खरंही येत नाही आणि खोटंही नाही, नलच येतं, आणि ती ओळ व्हेअरमध्ये (ओळी निवडायच्या अटीत) गुपचूप गळून जाते.

आता त्रासाचं. नॉट इन, म्हणजे ‘या यादीत नसलेले’ शोधणारी अट! ज्या ग्राहकांची एकही ऑर्डर नाही त्यांची यादी काढत होतो, सबक्वेरीत (ऑर्डरींमधून ग्राहक आयडी काढणाऱ्या आतल्या क्वेरीत) एकाच ऑर्डरचा ग्राहक आयडी नल होता, आणि पूर्ण यादी रिकामी आली. एरर नाही, वॉर्निंग नाही, अर्धा दिवस मी जॉइनच (टेबलं जोडणारा भाग) तपासत बसलो. नलशी ताडलं की उत्तर नलच, हा नियम एसक्यूएलचाच (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचा) आहे, पोस्टग्रेसने तो नुसता पाळलाय, तरी तेव्हापासून मी नॉट एक्झिस्ट्सच (‘जुळणारी ओळच नाही’ अशी अट) लिहितो.

कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत भरणारं फंक्शन) मस्त आहे पण दिसेल तिथे शून्य भरू नका प्लीज. ५ जणांपैकी तिघांनी ३, ४, ५ असं रेटिंग दिलं आणि दोघांनी दिलंच नाही, तर एव्हीजी (सरासरी) नल सोडून ४ सांगतं, शून्य भरलंत की तेच २.४ होतं, म्हणजे न बोललेल्या दोघांच्या तोंडी आपणच वाईट मत घातलं. भागाकारात खाली शून्य येत असेल तर नलइफ लावा, त्या शून्याचा नल होतो आणि क्वेरी फुटत नाही.

युनिक कॉलममध्ये (जिथे एकच किंमत दोनदा चालत नाही) कितीही नल चालतात हे मला खटकायचं, ते २०२२ च्या १५ व्या व्हर्जनपासून नल्स नॉट डिस्टिंक्ट लिहून थांबवता येतं. माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा नॉट इनसाठी कापला.