टी-शर्ट, हुडी, स्वेटर: नाशिकच्या ब्रँडने माल बनवून घ्यायचा कुठे?

नाशिकमध्ये बसून होजिअरी, म्हणजे फासात फास विणलेल्या ताणणाऱ्या कापडाच्या कपड्यांचा ब्रँड काढायचा तर तीन वाटा आहेत. तयार कापड आणून शहरातल्याच शिलाई युनिटकडून जॉबवर्क करून घ्या, तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कारखान्याला सुतापासून पॅकिंगपर्यंत सगळं सोपवा, नाहीतर स्वेटरसाठी पंजाबातलं लुधियाना गाठा. बहुतेक जण पीसमागे दर काय, तेवढंच विचारतात. त्याआधी विचारायचं ते असं: धुतल्यावर माल आटला तर भुर्दंड कोणाचा?

जॉबवर्कमध्ये तो सरळ तुमचा. कापड तुम्ही आणलेलं, शिवणारा फक्त शिलाईपुरता बांधील. शिवाय कापड मिळवणं हेच मोठं काम. मालेगाव जवळ आहे म्हणून टी-शर्टचं कापड तिथून येईल असं धरू नका. यंत्रमागावर ताण्या-बाण्याचं कापड निघतं, टी-शर्टला गोल मशीनवर विणलेलं जर्सी लागतं. ते किलोवर विकलं जातं. १८० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम) असेल तर एका किलोत ढोबळमानाने चार टी-शर्ट निघतात, २४० चं ओव्हरसाइज असेल तर तीन. गळ्याची रिब, म्हणजे ताणणारी पट्टी, त्याच वेळी, त्याच शेडमध्ये घ्या. नंतर शोधायला गेलात तर काळ्यातले किती काळे असतात ते कळेल!

या वाटेचा फायदाही तेवढाच खरा आहे. तीन रंगांत मिळून शंभर पीस कोणताही मोठा कारखाना आनंदाने घेणार नाही, इथे घेतात. कटिंग मास्टर समोर असतो, खांदा अर्धा इंच उतरवायचा तर त्याच दिवशी उतरतो. फक्त युनिटला शाळेचे युनिफॉर्म शिवायची सवय आहे की होजिअरीची, ते पाहून घ्या. बॉलपॉइंट (गोल टोकाची) सुई नसेल तर शिवणीलगत बारीक भोकं पडतात आणि दोन धुण्यांत मोठी होतात. थान उलगडून रात्रभर सैल न ठेवता थेट कापलं, तर मापं हमखास चुकतात.

कापडाची परीक्षा घरीच होते. कापडावर न पुसणाऱ्या पेनने ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा, तीनदा धुवा, वाळवा, मोजा. एक बाजू अडीच सेंटीमीटरने कमी भरली तर कापड पाच टक्के आटलं. म्हणजे ७० सेंटीमीटर लांबीचा टी-शर्ट साडेतीन सेंटीमीटरने आखूड होणार. चौकोन तिरपा झाला असेल तर आणखी वाईट. त्या कापडाच्या टी-शर्टची बाजूची शिवण पोटावर फिरून येते.

तिरुपूरला हेच सगळं कारखान्याच्या अंगावर टाकता येतं, पण लेखी असेल तरच. टेक पॅकमध्ये, म्हणजे कपड्याच्या लेखी तपशीलपत्रात, सुताचा काउंट (जाडी-बारीकी), जीएसएम, बायोवॉश (कापडावरची लव काढणारी धुलाई), कॉम्पॅक्टिंग (कापड आधीच आटवून घेणं) आणि धुतल्यानंतरची मापं टाका. ‘चांगल्या कॉटनचा’ एवढंच लिहिलंत तर भांडायला जागा उरत नाही. पसंत सॅम्पलवर दोघांच्या सह्या हव्यात, एक तिकडे, एक तुमच्या कपाटात. खरी अडचण मिनिममची, म्हणजे कमीत कमी किती माल घ्यावा लागतो त्याची. ती शिलाईपेक्षा रंगाईतून येते: शंभर किलोचा डाय लॉट (एका वेळी रंगवायचं कापड) धरला तरी एका रंगाचे चारशे टी-शर्ट झाले. म्हणून पहिल्या ऑर्डरला कारखान्याकडे स्टॉकमध्ये असलेले रंग घ्या. स्वतःची खास शेड नंतर. रंगाई कुठे होते हेही विचाराच. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली रंगाईची युनिट्स बंद झाली होती. आता सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, असा नियम आहे. तो पाळायला पैसा लागतो, त्यामुळे फारच स्वस्त रंगाईचा दर ऐकला की मला शंका येते.

स्वेटरचं गणितच वेगळं. इथे कापड नसतंच. फ्लॅट मशीनवर पुढा, पाठ, बाह्या आकारातच विणता येतात आणि लिंकिंगने, म्हणजे फासाला फास गुंफून, जोडतात. म्हणजे डिझाइन जितकं तुमच्या डोक्यात, तितकंच मशीनचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात. लुधियानाला गेलात तर मालकाच्या केबिनइतकाच वेळ या प्रोग्रॅमवाल्याशेजारी बसा. सॅम्पल उलटं करून गळा पाहा: फासाला फास जोडलेला असेल तर सपाट लागेल, कापून ओव्हरलॉक मारलेला असेल तर जाड कड मानेला टोचेल. दोन्ही चालतात, पण दोन्हींचा दर एक नसावा. सूत रंगीत कोनवर येत असल्याने शेडकार्डातला रंग निवडलात तर थोड्या पीसांचंही जमू शकतं.

गेज म्हणजे मशीनवर इंचाला किती सुया; आकडा जितका मोठा, तितकं विणकाम बारीक. त्याबाबत माझं मत ठाम आहे. निफाडचा पारा कितीही खाली उतरो, नाशिकला दुपारी ऊन लागतंच. तीन-पाच गेजचा जाडजूड स्वेटर फोटोत छान दिसतो आणि दहा वाजता डिकीत जातो. बारा गेजचा, कॉटन किंवा कॉटन-अ‍ॅक्रिलिक घ्या. अ‍ॅक्रिलिक जास्त असेल तर काखेत गोळे धरतात का, ते सॅम्पल आठवडाभर वापरून बघा.

तर, पहिलेच दीडशे-दोनशे टी-शर्ट असतील तर नाशिकलाच शिवा, दर चढा पडला तरी. एका रंगाचे चारशे खपतील अशी खात्री झाली की तिरुपूर. स्वेटरला लुधियानाच, आणि तेही उन्हाळ्यातच बोलणी करून. दिवाळीच्या तोंडावर तिथे लहान ऑर्डरला कोणी विचारत नाही. मनमाडहून सचखंड एक्स्प्रेस थेट नेते. किंमत लावताना एवढं बघा, की २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग कपड्याला १८ टक्के. त्यामुळे २६०० चा स्वेटर काढण्यापेक्षा २४९९ चा काढलेला बरा.