आम्लपित्त आणि आयुर्वेद : तीन ऋतू औषध घेतल्यानंतर

गेल्या उन्हाळ्यापासून मी पुण्यात एका वैद्यबाईंकडे आम्लपित्तासाठी उपचार घेते आहे. आता थंडी सरत आली. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, तिथे नेमकं काय होतं, नाडी बघून सगळं सांगतात का, आधीच्या गोळ्या सोडाव्या लागतात का. म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: वैद्याची पारख पहिल्या भेटीवरून करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ते औषध काय बदलतात आणि का बदलतात, ते बघा.

माझा त्रास असा. बैठं काम, जेवणाच्या वेळा कशाही. छातीत जळजळ, आंबट ढेकर, दुपारनंतर डोकं चढायचं आणि उलटी झाली की उतरायचं. थायरॉइडची गोळी कायमची. पॅन्टोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी गोळी तर वर्षानुवर्षं सुरूच. एन्डोस्कोपीत जठराला किरकोळ सूज सोडता काही नव्हतं.

पहिली भेट पाऊण तासाची झाली. आधी एन्डोस्कोपीचा रिपोर्ट मागितला. मग विचारलं, "ताई, जळजळ जिना चढताना वाढते का? डाव्या हातात, जबड्यात काही जातं का?" हे विचारल्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला. छातीतली प्रत्येक जळजळ पित्ताची नसते, हृदयाचीही असू शकते, हे ज्याच्या डोक्यात आधी येतं त्या वैद्याकडे निर्धास्त जावं. काळी शौच, गिळायला त्रास, कारण नसताना वजन उतरणं यांचीही चौकशी झाली. यातलं काही असतं तर मला आधी पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं, असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

नाडी पाहिली, पण दोन-तीन मिनिटंच. मनगटावर तीन बोटं ठेवतात. तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ अशी त्यांची वाटणी. नाडीवरून आजाराचं नाव सांगून चकित करण्याचा प्रकार झाला नाही. नाडी, मूत्र, मल, जीभ, आवाज, स्पर्श, डोळे आणि बांधा अशा आठ गोष्टी तपासायच्या असतात, त्यांतली नाडी एक. उरलेला सगळा वेळ प्रश्नांचा. भूक लागते की वेळ झाली म्हणून जेवता? शौच चिकट होते का, झाल्यावर पोट हलकं वाटतं का? तहान किती, घाम कुठे येतो, झोप कितीला मोडते, पाळीच्या आधी जळजळ वाढते का? शौचाबद्दल इतकं कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला अवघडायला झालं. पण मोघम उत्तर दिलं तर औषधही मोघमच मिळणार. जाण्यापूर्वी आठवडाभर खाणं, झोप आणि पोट यांची नोंद वहीत ठेवा, फार उपयोग होतो.

औषधं साधीच होती: कामदुधा, लघु सूतशेखर आणि रात्री कोमट पाण्याबरोबर अविपत्तिकर चूर्ण. वेळांवर मात्र भारी कटाक्ष. एक गोळी जेवणाआधी, एक जेवणानंतर, एक दुपारी डोकं चढायच्या सुमाराला. वेळ पाळली नाही तर औषध बदलून उपयोग नाही, हे त्यांनी बजावलं होतं.

इथे थायरॉइडवाल्यांनी लक्ष द्यावं. कामदुधात मोती, प्रवाळ, शंख, कवडी, शिंपला यांची भस्मं असतात, म्हणजे बरंचसं कॅल्शियमच. थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉइडच्या, गोळीजवळ कॅल्शियम घेतलं तर ती गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी आणि कामदुधा त्यानंतर किमान चार तासांनी, असं त्यांनी केसपेपरवर लिहून खाली रेघ मारली. मधुमेह असेल तर अविपत्तिकर चूर्णाबद्दल आधी विचारा, त्यात साखर बरीच असते.

पॅन्टोप्रॅझोल त्यांनी एकदम बंद करू दिली नाही. बराच काळ घेतलेली अशी गोळी अचानक सोडली की काही आठवडे पोटात उलट जास्त आम्ल तयार होतं. मग माणूस म्हणतो, आयुर्वेदाने त्रास वाढला. आमच्या फिजिशियनना विचारून आधी दिवसाआड, मग लागेल तेव्हा, अशी ती सुटत गेली. "आजपासून सगळ्या इंग्लिश गोळ्या बंद" असं कुणी पहिल्याच दिवशी म्हणालं तर तिथून उठून यावं असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्यांदा औषधं घ्यायला गेले तेव्हा दुकानात लघु सूतशेखरऐवजी सूतशेखर रस हातात ठेवला. "एकच आहे हो ताई," म्हणे. एकच मुळीच नाही. लघु सूतशेखर म्हणजे सोनकाव (शुद्ध केलेला गेरू) आणि सुंठ, विड्याच्या पानाच्या रसात घोटलेली. सूतशेखर रसात शुद्ध केलेला पारा, गंधक, बचनाग ही विषारी मुळी, ताम्र (तांब्याचं) भस्म अशी जड मंडळी असतात. अशा औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना छापलेली असते, ती वाचूनच मी बाटली परत केली. 2004 साली अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीचा अहवाल आला होता. त्यांतल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. माझी बहीण तिकडेच राहते. "तुझं औषध मलाही पाठव" असं ती म्हणाली, तेव्हा मी नाही म्हणाले. रसौषधी, म्हणजे पारा-धातूंची औषधं, वाईटच असं मी म्हणत नाही. पण ती कुणी, कुणाला, किती दिवस दिली यावर सगळं अवलंबून असतं. दुसऱ्याची चिठ्ठी वापरून ती घेऊ नयेत.

म्हणूनच आणखी एक आग्रह: पुडीत काय आहे ते लिहून मागा. याआधी मी एका ठिकाणी गेले होते, तिथे बिननावाच्या पुड्या मिळायच्या आणि विचारलं तर "आमचं खास मिश्रण" एवढंच उत्तर. ते औषध मी सोडलं. आताच्या वैद्यबाई पुडीवर नावं आणि प्रमाण दोन्ही लिहितात. उद्या अपघाताने दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना काय सांगणार?

पथ्याचं म्हणाल तर मला वाटलं होतं तितकं कडक नव्हतं, पण सवयीच्या नेमक्या जागी लागलं. उपाशीपोटी चहा बंद. रात्रीचं दही बंद. शिकरण बंद, कारण दूध आणि केळं एकत्र म्हणजे विरुद्ध आहार. उपासाला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी राजगिऱ्याच्या किंवा साळीच्या लाह्या. तुरीऐवजी मुगाचं वरण, तांदूळ भाजून केलेला भात, वर साजूक तूप. दुधी, पडवळ, दोडका. रात्री भिजवलेले काळे मनुके सकाळी चावून खायचे आणि त्याचं पाणी प्यायचं. संध्याकाळचं जेवण आठच्या आत. हे शेवटचं आमच्या घरात सगळ्यात अवघड गेलं, पण फरकही यानेच सगळ्यात लवकर पडला. औषधाने किती आणि पथ्याने किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. वैद्यबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वेगळं काढायचंय कशाला?"

पहिल्या महिन्यात जळजळ कमी झाली, डोकेदुखी तशीच. त्यानंतरच्या भेटीत मला वैद्य कळला. दुसरा असता तर आणखी दोन गोळ्या वाढवल्या असत्या. यांनी एक कमी केली, झोपेबद्दल पुन्हा खोदून विचारलं आणि पावसाळाभर नुसतं पोट साफ राहील एवढंच बघितलं. शरद ऋतूत पित्त स्वभावतःच वाढतं, तेव्हा विरेचन, म्हणजे औषधाने जुलाब करवून पित्त बाहेर काढणं, करू असं ठरलं.

विरेचन म्हणजे नुसती जुलाबाची गोळी नव्हे. आधी काही दिवस भूक वाढवायचं औषध, मग रोज सकाळी वाढत्या मात्रेत औषधी तूप. तिसऱ्या दिवशीची वाटी हातात घेतली तेव्हा वासानेच मळमळलं. वर गरम पाण्याचे घोट घेत बसायचं आणि कडकडून भूक लागेपर्यंत काही खायचं नाही. त्यानंतर तेल लावून शेक, आणि मग विरेचनाचं औषध. त्या दिवशी जुलाबाचे वेग मोजायला एक ताई बसून होत्या, रक्तदाब दोनदा पाहिला. पुढचे दिवस पातळ पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचं कढण असं हळूहळू जेवणावर आणतात. ऑफिसला सुट्टी घ्यावीच लागते. शनिवार-रविवारच्या पॅकेजमध्ये विरेचन देऊ म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका, आधीचं तूप आणि नंतरची पेज दोन दिवसांत बसतच नाही.

दिवाळीत मी फराळ खाल्ला, बेताने, आणि जळजळ झाली नाही. डोकेदुखी महिन्यातून एखाद्या वेळी येते, पूर्वी दर आठवड्याला असायची. केस गळणं जसंच्या तसं आहे. थायरॉइडच्या गोळीचा डोस तोच आहे, आणि तो कमी होईल असं मला कुणी सांगितलंही नव्हतं.

खर्च: पहिल्या भेटीचे 600 रुपये, पुढच्या प्रत्येक भेटीचे 300, औषधं महिन्याला हजार-बाराशेची. विरेचनाचा खर्च वेगळा, तो आधी लेखी विचारून घ्या. एवढं परवडत नसेल तर कॉलेजला जोडलेली रुग्णालयं आहेत, पुण्यात रास्ता पेठेतलं ताराचंद, मुंबईत वरळीचं पोदार. तिथे आधी विद्यार्थी तपासतात, वेळ जातो, पण विचारपूस बारकाईने होते. कुठेही गेलात तरी बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक पाहा. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षाची इंटर्नशिप केलेल्या माणसाला तो दाखवायला काही वाटत नाही.

सध्या रोजचं औषध बंद आहे. बाहेरचं खाणं झालं तर रात्री अर्धा चमचा चूर्ण, एवढंच. पुढची भेट होळीच्या आधी आहे, आणि येताना टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लिव्हरची तपासणी करून आणायला सांगितलं आहे.