घरगुती आरओ मशीन: सव्वा वर्षाचा अनुभव आणि त्या दोन ग्लासांची हकिकत

आधीच सांगतो, पाण्यातले क्षार काढणारं हे आरओ मशीन वाईट नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याच कंपनीच्या पोरानं हाच खेळ करून दाखवलाय. माझी तक्रार मशीनपेक्षा ते घरात कसं शिरलं याबद्दल आहे.

मी एकतीस वर्षं एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. पाण्याचं विद्युत अपघटन या हातांनी किती वेळा मांडलं असेल त्याला गणती नाही. गुरुजी शिकवायचे, मांडामांड माझी. तरीही १७,९०० रुपयांच्या कागदावर मी घाबरून सही केली. हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढं शहाणपणा शिकवल्यासारखं वाटायला नको.

दिवस होते २०२४ च्या जुलैचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती आणि ४३ च्या धोका पातळीकडं पाणी सरकत होतं. आम्ही कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले, पाण्याच्या फुटांवर आमची झोप ठरते. २०१९ च्या पुरात शहराला पाणी देणारे शिंगणापूर-बालिंग्याचे पंप पाण्यात गेले, नळ कित्येक दिवस कोरडे, आणि सगळीकडं पाणीच पाणी असताना आम्ही कळशी घेऊन टँकरच्या रांगेत. त्यामुळं टीव्ही दिवसभर चालू. एका वाहिनीवर ढोल-नगाऱ्याचं संगीत, लाल अक्षरात ‘महाप्रलय’, आणि खाली शिरोलीजवळ बुडालेला हायवे. मी निरखून बघितलं. रांगेतले ट्रक, पाण्यातला तो बोर्ड, सगळं २०१९ चं! कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘संग्रहित’ लिहिलेलं होतं, ते वाचायला चष्म्यावर चष्मा लावावा लागला असता. मग ब्रेक. ब्रेकमध्ये दातवाले हिरवे जंतू पोराच्या ग्लासात पोहतायत. मी पोरांना मायक्रोस्कोपखाली काय काय दाखवलंय, पण दात असलेला जंतू अजून बघायचा राहिलाय.

दोन दिवसांनी दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तोंडात ‘काकू’. “काकू, पाणी तपासणी मोफत आहे, घ्यायचं-बियायचं काही नाही.” महापालिकेचा माणूस असावा असंच वाटलं. त्यानं तसं म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही.

आधी पेनासारखा टीडीएस मीटर काढला, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. आमच्या नळाला ११२. त्याच्या बाटलीतल्या पाण्याला १४. “बघा काकू, एकशे बारा!” आता एकशे बारा म्हणजे काय, हे त्यानं सांगितलंच नाही. नुसता आवाज खाली आणला. डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन आणतात ना, तसा.

मग दोन ग्लास ओट्यावर ठेवले. एकात नळाचं, एकात त्याचं. दोन्हींत सळ्या सोडल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी, वर गाळाची साय. त्याचा ग्लास स्वच्छ. नात दप्तर टाकून बघायला आली होती. तो तिच्याकडं बघून एवढंच म्हणाला, “हे रोज पितीय काय?”

आमची ही तिथंच खाली बसली. “मी सांगतो, सही करा,” म्हणाली. (कोल्हापूरची बाई आहे, ‘सांगते’ म्हणत नाही.)

मला त्या क्षणी आठवायला हवं होतं ते आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसल्यावर आठवलं. ती सळई लोखंडाची होती. करंट सोडला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं, आधी हिरवट होतं, हवा लागली की गंजाच्या रंगाचं होतं. तो मळ सळईचा, पाण्याचा नव्हे. करंट वाहायला पाण्यात क्षार लागतात. आरओच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले, म्हणून तिथं करंट जेमतेम, म्हणून ते स्वच्छ. नववीच्या पोराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण नववीच्या पोराची नात तिथं उभी नव्हती.

मशीन बसल्यावर मी माझा प्रयोग मांडला. जुना बारा व्होल्टचा एलिमिनेटर (बॅटरीऐवजी लाइटवर चालणारा), दोन खिळे पॉलिश पेपरनं घासून, आणि ग्लासात मशीनचं ‘शुद्ध’ पाणी. पंधरा मिनिटं काही नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं. थोड्या वेळात खिळ्याभोवती हिरवट ढग, आणि चहा होईस्तोवर ग्लास त्या पोराच्या ग्लासासारखाच तपकिरी. मीठ आमच्याच बरणीतलं, रोज आमटीत पडणारं.

मीटरचंही तेच. मी तसला एक विकत आणला. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरनं समोर पिळलेलं म्हशीचं दूध आणलं, त्यात मीटर बुडवला, आकडा दोन हजारांच्या पुढं. म्हणजे या हिशेबानं ज्या दुधावर तालमीतली पोरं वाढली ते जहर. पिण्याच्या पाण्याचं सरकारी मानक आयएस १०५००, २०१२ चं, टीडीएस ५०० पर्यंत चांगलं मानतं, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं तर ५०० च्या आत टीडीएस असेल तिथं आरओ वापरायला बंदी घाला, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. आमचं ११२. काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं, त्यासाठी शहरानं किती वर्षं वाट बघितली. आणि ते नळाला आल्यावर त्यातले क्षार काढायला आम्ही वर पैसे मोजले!

भीती खोटी होती असं मात्र मी म्हणणार नाही. २०१२ ला इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली, माणसं दगावली. पंचगंगेत काय काय सोडलं जातं ते आम्हाला कुणी सांगायला नको. पण काविळीचा विषाणू टीडीएस मीटरवर दिसत नाही. साथीच्या पाण्यातही मीटर तोच आकडा दाखवेल. म्हणजे ज्याची खरी भीती होती त्याबद्दल तो पोरगा अवाक्षर बोलला नाही आणि भलत्याच गोष्टीला घाबरवून गेला. जंतूंसाठी बघायचं तर नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते बघावं. खेड्यात पाणीपुरवठ्याचा कर्मचारी ओटी टेस्ट करतो, थेंब टाकून पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. ती त्या मोफत तपासणीत नव्हतीच.

आता मशीनबद्दल. चव गोडसर, चहा बरा होतो, भांड्याला पांढरा थर धरत नाही (आधीही फार धरत नव्हता). पाणी वाया जाणं ही मोठी उणीव. मी बादली लावून मोजलं: दहा लिटरचा हंडा भरेपर्यंत सांडपाण्याच्या नळीतनं चोवीस लिटर गेलं. ते आम्ही फरशीला आणि मोटरसायकल धुवायला वापरतो, पण मोटरसायकल किती धुवायची! लाइट गेली की मशीन बंद, आणि पुरात लाइट आधी जाते. म्हणजे ज्या दिवसासाठी घेतलं त्याच दिवशी चालणार नाही. त्यासाठी आम्ही अजून पाणी उकळूनच ठेवतो.

सर्व्हिस. अकराव्या महिन्यापासून मोबाइलवर मेसेज सुरू: ‘तुमच्या फिल्टरची मुदत संपत आहे, कुटुंबाचे आरोग्य धोक्यात.’ आठवड्यातनं दोनदा. एक मेकॅनिक आला, त्यानं पिशवीतनं काळा कुळकुळीत कँडल, म्हणजे आतला फिल्टर, काढून दाखवला. मी म्हटलं, “हा कुणाचा? आमचा तर अजून मशीनमध्ये आहे.” तो हसला. दुसऱ्या खेपेला आलेला पोरगा मात्र सरळ. त्यानं आमचा कँडल काढला, किंचित पिवळा होता, म्हणाला, “काका, अजून चार महिने चालंल. तुमच्या पाण्याला खरं तर यूव्हीवालं बास होतं.” यूव्ही म्हणजे किरणांनी जंतू मारणारं, क्षार न काढणारं मशीन. चहा पाजला त्याला. त्याचं नाव लिहिलं तर त्याचीच नोकरी जायची.

तेव्हा मशीनला पाचपैकी तीन तारे. त्या दुसऱ्या मेकॅनिकला पाच. डेमोला शून्य देणार होतो, पण अभिनय म्हणून एक देतो. घ्यायचंच असेल तर तुमच्या पाण्याचा टीडीएस आधी कळू दे. बोअरचं खारं पाणी असेल तर आरओ घ्या, धरणाचं असेल तर यूव्ही बघा, दाम जवळपास निम्मं पडतं. आणि कुणी सळ्या बाहेर काढल्याच, तर स्वयंपाकघरातनं चिमूटभर मीठ आणून त्याच्या ग्लासात टाकायला सांगा. पलीकडच्या गल्लीत मी सांगितलं, तर त्या पोराला अचानक दुसरी अपॉइंटमेंट आठवली.

आमच्या घरात मात्र हा प्रयोग फसला. हिला मी खिळे, मीठ, दूध सगळं करून दाखवलं. शांतपणे बघितलं तिनं. मग नातीचा पेला मशीनखाली धरत म्हणाली, “तुमचं बरोबर असंल. पण त्यो ग्लास मी बघितलाय न्हवं.”

एएमसीचे, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे, साडेतीन हजार मागच्या आठवड्यात भरले.