चार जेट, आणि तीही मोजून

दिवसा मी भोसरीत एका कारखान्याच्या स्टोअर्सला असतो. माल इश्यू करायचा, परत आला तर जमा, मोडला तर स्क्रॅप. रात्री 'इल-टू ग्रेट बॅटल्स' या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या कॉम्प्युटर गेमच्या एका युरोपियन सर्व्हरवर उडतो. तिथेही हाच हिशोब चालतो, म्हणून तर आठ महिने टिकलोय.

बाकी सर्व्हरवर विमानं पंगतीतल्या भातासारखी, पडलात की पुन्हा वाढून घ्या. मग ऱ्हाइनलँडच्या नकाशावर जो तो मेसरश्मिट २६२ हे जर्मन जेट घेऊन हजर. खरी जेट १,४०० च्या वर बनली, पण इंधन आणि इंजिनांची बोंब, त्यामुळे एका वेळी हवेत मोजकीच. या सर्व्हरवर मिशनला चार. सुखरूप उतरवलं तर स्टॉकला जमा, पडलं तर वजा. चौथं संपलं की गपगुमान पंख्याचं मेसरश्मिट १०९ घ्यायचं.

यानं उडण्याची रीतच बदलते. परवा शनिवारी शेवटचं जेट मला मिळालं. थ्रॉटल तीळ तीळ पुढे सरकवला, कारण या जेटच्या युमो इंजिनला झटका दिला की ते पेटतं. शत्रूचं एक थंडरबोल्ट विमान पाडलं आणि लगेच घरी वळलो. शत्रूचे टेम्पेस्ट विमानवाले धावपट्टीपाशी टपून असतात, खऱ्या युद्धातही असायचे. चाकं खाली, फ्लॅप्स खाली, धावपट्टी समोर, आणि आमच्याकडे लाइट गेली.

कनेक्शन तुटलं, म्हणून सर्व्हरच्या वहीत विमान पडलं अशी नोंद. पुन्हा आत आलो तर चॅटवर आपल्याच बाजूचे शिव्या घालतायत. नियम का आहे ते कळतं, नाहीतर हरणारा प्रत्येकजण केबल उपटेल. पण मागे शत्रू नसेल तर दोन मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

खरी चूक दुसरीकडेच आहे. स्टॉक ठरलेला, मग खेळायला कितीही जण असोत. तिकडे रात्रीचे आठ, म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा, तेव्हा दोन्ही बाजू भरलेल्या आणि चार जेट बरोबर बसतात. रविवारी सकाळी मात्र सहा विरुद्ध चौदा, आणि त्या चौदांकडेही चारच्या चार! हजेरी बघून माल सोडा, एवढं साधं आहे. ॲडमिनला दोनदा लिहिलं. 'बघतो' म्हणाला.

पाचपैकी चार स्टार. कॉम्प्युटरला यूपीएस घेतला आहे. राउटरचा राहिला, ते आता बायको झोपल्यावर लक्षात येतंय.