जुनी केबल बरी की सेट-टॉप बॉक्स?

मुंबईत अ‍ॅनालॉग केबल, म्हणजे बॉक्सशिवाय थेट टीव्हीला जोडायची जुनी केबल, बंद करायची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. तोवर आमच्या लालबागच्या चाळीत केबलवाल्याची एकच वायर यायची. स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन करणारा जोड, लावला की बाहेरच्या खोलीतला आणि आतला, दोन्ही टीव्ही चालू. आता डिजिटल केबलमुळे प्रत्येक टीव्हीला वेगळा सेट-टॉप बॉक्स, महिन्याचे पैसेही वेगळे.

चित्राचं म्हणाल तर डिजिटल उजवं, यात वाद नाही. पण सिग्नल कमजोर झाला की खरा फरक कळतो. अ‍ॅनालॉगमध्ये मुंग्या यायच्या, तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि मग पडदा काळाच. पावसाळ्यात गच्चीवरच्या जोडात पाणी शिरलं की हमखास हेच.

सगळ्यात जास्त हाल म्हाताऱ्या माणसांचे. आजीला पूर्वी आकड्याचं एक बटण पुरायचं. मग दोन रिमोट आले. एव्ही मोड, म्हणजे बॉक्सचं चित्र टीव्हीवर आणणारी सेटिंग, चुकून बदलला की ती बिचारी दुपारभर निळ्या पडद्यापुढे बसून राहायची. शेवटी मी टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंदचं बटण तेवढं सोडून बाकी सगळ्यांवर चिकटपट्टी लावली. बॉक्स बसवायला आलेल्या मुलाने पाच मिनिटं जास्त थांबून तिला नीट दाखवायला हवं होतं.