पुराची गिऱ्हाईकं विकणारं पॅकेज : दोनच तारे

नाशिकमध्ये आमचं काम म्हणजे दुकानात-घरात शिरलेलं पाणी उपसणं, गाळ काढणं, भिंती वाळवणं. पावसाळ्याआधी एका ऑनलाइन कंपनीचं लीड पॅकेज (लीड म्हणजे काम करून हवं असलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर) घेतलं. माणूस गोड बोलला, पैसे आगाऊ घेऊन गेला.

गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला, रामकुंडाजवळ गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल वर हलवतात. पुढचा फोन आम्हाला यायला हवा. आले ते कोणाचे? एकाला वॉटर प्युरिफायर दुरुस्त करायचा होता, एका ताईंना टँकर हवा होता. ‘पाणी’ दिसलं की झाली लीड! सातपूरचं एक गोदाम खरं निघालं, तर तो नंबर आणखी चौघांना विकलेला. तक्रार केली तर म्हणे, “सर, पावसात डिमांड कमी असते.” घ्या!

कामं मिळाली ती भांडी बाजारातल्या एका दुकानामुळे. गाळ ओला असतानाच फावड्यानं ओढला (वाळला की दगड होतो), कपाटं भिंतीपासून सरकवली आणि बघायला आलेल्या शेजारच्या शेठच्या हातात भिंतीतली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर दिला. त्यांची भिंत वरून कोरडी ठणठणीत, आकडा मात्र भलताच. लगेच म्हणाले, “आमचंही बघा.”

दोन तारे कॉल रेकॉर्डिंगची सोय चांगली आहे म्हणून. घ्यायचंच तर महिन्याचं घ्या, आणि एक लीड किती जणांना देता ते लेखी मागा.