पापणीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, कोल्हापूर : आबांच्या उपचारांचा अनुभव

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवरील कर्करोगाची शस्त्रक्रिया कोल्हापुरातील एका खासगी नेत्र रुग्णालयात झाली. अशा वेळी घरचे लोक किती गोंधळतात हे अनुभवल्यामुळे तेथील सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे.

कागल तालुक्यात आमची ऊसशेती आहे आणि आबांचे सारे आयुष्य उन्हात गेले. पापणीच्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढी काळसर गाठ आली, तेव्हा एका दवाखान्यात ती चामखीळ समजून जाळण्यात आली; जाळण्यापूर्वी तिचा तुकडा तपासणीला पाठवावा, असे तेथे कोणालाही वाटले नाही. आठ महिन्यांनी त्याच जागी खपली धरू लागली, तोंड धुताना रक्त येऊ लागले आणि तेवढ्या भागातले पापणीचे केस झडून गेले. त्या वाया गेलेल्या आठ महिन्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नेत्र रुग्णालयातील ऑक्युलोप्लास्टी सर्जननी (पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या भागाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी) पहिल्याच भेटीत आबांची पापणी बोटाने ताणून मला यंत्रातून गाठीची मोत्यासारखी चकाकणारी कड दाखवली आणि लगेच बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा तपासणीला पाठवला. निदान बेसल सेल कार्सिनोमाचे, म्हणजे त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे, झाले. हा कर्करोग शरीरात इतरत्र सहसा पसरत नाही, पण जागच्या जागी खोल खात जातो आणि नाकाकडच्या कोपऱ्यात शिरला तर डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचू शकतो, हे त्यांनी आबांना समोर बसवून, काहीही न लपवता सांगितले. आपल्याकडे पापणीतील तेलग्रंथींचा कर्करोगही पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बराच अधिक आढळतो आणि तो वारंवार होणाऱ्या रांजणवाडीसारखा दिसतो, म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी गाठ तपासल्याशिवाय सोडू नये, असेही त्यांनी बजावले.

या रुग्णालयाची खरी जमेची बाजू म्हणजे कापलेल्या भागाच्या कडांना कर्करोगाच्या पेशी उरल्या नाहीत, म्हणजे कडा स्वच्छ झाल्या, याची खात्री होईपर्यंत त्यांनी पापणी जोडायला घेतली नाही. गाठीभोवती चार मिलिमीटर निरोगी त्वचा धरून भाग कापण्यात आला, नाकाकडची बाजू कोणती हे कळावे म्हणून त्याला दोऱ्याची खूण बांधली गेली आणि फ्रोझन सेक्शनसाठी, म्हणजे तुकडा गोठवून शस्त्रक्रिया चालू असतानाच केल्या जाणाऱ्या तपासणीसाठी, तो पॅथॉलॉजिस्टकडे गेला. सुमारे पाऊण तासाने नाकाकडच्या कडेला कर्करोगाच्या पेशी शिल्लक असल्याचे कळले. तेवढ्याच बाजूने आणखी थोडा भाग काढून तो पुन्हा तपासला आणि मगच पुढचे काम सुरू झाले. आधी सगळे शिवून टाकून आठवड्याने रिपोर्ट पाहिला असता, तर आबांची जुळवलेली पापणी पुन्हा उसवावी लागली असती.

निम्म्याहून अधिक पापणी गेल्यामुळे नुसते टाके घालून भागणार नव्हते. वरच्या पापणीचे आतले अस्तर आणि त्यालगतचा टणक थर खाली ओढून त्यांनी खालच्या पापणीची आतली बाजू घडवली, तर बाहेरून कानामागची त्वचा लावली. अमेरिकन शल्यचिकित्सक वेंडेल ह्यूज यांनी 1937 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. तिच्यात नव्या पापणीला रक्तपुरवठा वरूनच होत असल्यामुळे तो डोळा काही आठवडे बंद ठेवावा लागतो. आमच्या बाबतीत ते सहा आठवडे ठरले होते, म्हणून सर्जननी आधी उजव्या डोळ्याची नजर तपासून घेतली. दुसऱ्या डोळ्याला दिसतच नसते तर ही पद्धत वापरली नसती, असे ते म्हणाले. ते सहा आठवडे घरी फार जड गेले. आबा पायरी चुकत, चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवत, आणि गुऱ्हाळाच्या धुराजवळ जायचे नाही म्हटल्यावर लहान मुलासारखे रुसत. नंतर जागा बधिर करून वरच्या पापणीतून खाली ओढलेला तो जोडपडदा कापला, तेव्हा खुर्चीवर बसलेल्या आबांनी आधी उजवा डोळा हाताने झाकला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तारीख वाचून दाखवली.

आता नव्या पापणीला केस नाहीत आणि कड किंचित लाल दिसते. डोळा कोरडा पडू नये म्हणून दिवसा थेंब आणि रात्री मलम चालू आहे. डोळा मात्र पूर्ण मिटतो, आणि सर्वांत महत्त्वाचे तेच होते.

दोन गोष्टी खटकल्या. शस्त्रक्रिया चालू असताना तीन तासांत बाहेर येऊन आम्हाला कोणीही काही सांगितले नाही. पहिली कड स्वच्छ नव्हती हेसुद्धा नंतर कळले. दुसरे म्हणजे संमतिपत्र आणि घरी जातानाचा सूचनांचा कागद, दोन्ही इंग्रजीत होते. ज्या कागदावर आबांनी सही केली, तो त्यांना वाचता येत नव्हता. सूचनांचा मी केलेला मराठी तर्जुमा पुढच्या तपासणीच्या वेळी काउंटरवर दिला, तेव्हा तेथील सिस्टरांनी तो ठेवून घेतला आणि इतर रुग्णांना देण्यासाठी त्याच्या प्रती काढू का, असे विचारले. मी आनंदाने होकार दिला.